डब्यावरचा त्रिकोण आणि उंदराचे यकृत



कीडनाशकाचा डबा हातात घेतला की लेबलावर एक तिरपा चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार या चौकोनाने लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे. तो नजरेतून सुटू नये, हा त्यामागचा हेतू. लाल म्हणजे अति जहाल आणि हिरवा म्हणजे सौम्य, एवढे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असते आणि ते खरेही आहे. परंतु हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे बाजूला ठेवणारे, भुकटी उघड्या हाताने कालवणारे आणि नंतर हात जेमतेम ओले करून भाकरी खायला बसणारे शेतकरीही आपण पाहतो. त्यांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

त्रिकोणाचा रंग एका आकड्यावरून ठरतो. त्याला एल.डी. ५० म्हणतात. इंग्लंडमधील ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही मोजणीची पद्धत मांडली. पांढऱ्या उंदरांना औषधाची मात्रा एकदाच द्यावयाची आणि दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम दिल्यास निम्मे उंदीर मरतात ते पहावयाचे. तोंडावाटे दिलेली ही मात्रा १ ते ५० मि.ग्रॅ. असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा त्रिकोण. म्हणजे हा त्रिकोण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एका वेळी किती पोटात गेले तर जीव जातो? तेच औषध हंगामात दहा वेळा, आणि असे वीस हंगाम, थोडे थोडे अंगात जात राहिले तर काय होते, हे त्या रंगात लिहिलेले नसते. हे दुसरे उत्तर शोधताना प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ज्या अवयवाकडे सर्वांत आधी पाहतात तो म्हणजे यकृत.

यकृताचे काम

मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो तेच यकृत. माणसात ते उजव्या बरगड्यांखाली असते आणि त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. पोटातून व आतड्यातून निघणारे रक्त एका मोठ्या शिरेने थेट यकृतात येते आणि तेथून पुढे हृदयाकडे जाते. त्यामुळे तोंडावाटे पोटात गेलेल्या प्रत्येक पदार्थाची पहिली तपासणी यकृतात होते. जकात नाका गावाच्या वेशीवर असावा तसा हा प्रकार आहे.

बहुतेक कीडनाशके तेलात विरघळणारी असतात. ती लघवीवाटे सहज बाहेर जात नाहीत. यकृताच्या पेशींतील विकरे, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात ती, या पदार्थाला प्राणवायू जोडतात किंवा त्याचे तुकडे करतात आणि मग त्याला दुसरा एखादा पदार्थ जोडून तो पाण्यात विरघळेल असा करतात. त्यानंतर तो लघवी किंवा पित्तावाटे बाहेर पडतो.

या कामात पेशी मरतात, पण यकृताला नव्या पेशी तयार करण्याची विलक्षण शक्ती आहे. हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तर उरलेला भाग वाढून साधारण दहा दिवसांत यकृत जवळपास पूर्वीच्या वजनाचे झाले. ही शक्ती वरदान खरी, पण तिच्यामुळेच यकृताचे दुखणे लवकर कळत नाही. यकृताला आतून वेदना फारशी नसते. बराच मोठा भाग निकामी झाल्यावरच डोळे पिवळे होतात, पायावर सूज येते. तोपर्यंत माणूस कामावर जात असतो.

प्रयोगशाळेत काय पाहतात

कोणत्याही नव्या कीडनाशकाची नोंदणी होण्यापूर्वी त्याचे दीर्घ मुदतीचे प्रयोग करावे लागतात. ९० दिवसांच्या प्रयोगात उंदरांचे चार गट असतात. एका गटाला साधे खाद्य आणि बाकी तिघांना कमी, मध्यम व जास्त मात्रा मिसळलेले खाद्य. प्रत्येक गटात किमान १० नर आणि १० माद्या. दोन वर्षांच्या प्रयोगात हीच संख्या ५० व ५० असते. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचेच असल्यामुळे हा प्रयोग म्हणजे त्याचा जवळजवळ सारा जन्म होय.

मुदत संपल्यावर उंदराचे शवविच्छेदन करून यकृताचे वजन घेतात. रक्तातील एस.जी.पी.टी. व एस.जी.ओ.टी. ही विकरे मोजतात. ती एरवी पेशींच्या आत असतात. पेशी फुटली की रक्तात सांडतात. नंतर यकृताचा अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी फुगल्या आहेत का, त्यांत चरबीचे थेंब साचले आहेत का, काही पेशी मेल्या आहेत का, त्यांच्या जागी चिवट धागे आले आहेत का, गाठी आहेत का, हे क्रमाने नोंदवतात.

सर्वांत जास्त वेळा आढळणारी गोष्ट म्हणजे यकृताचे वाढलेले वजन. डी.डी.टी. च्या काळापासून ते आजच्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडपर्यंत अनेक औषधांत ती दिसून आली आहे. याचा अर्थ यकृत खराब झालेच असा नाही. ऊस जास्त आला की साखर कारखाना जादा पाळी लावतो, तसे औषध जास्त आले की यकृत विकरे जास्त बनवते आणि पेशी फुगतात. औषध बंद केले की काही आठवड्यांत वजन पुन्हा उतरते. परंतु मात्रा वाढली किंवा मुदत लांबली तर याच फुगलेल्या पेशींत चरबी साचू लागते, त्या मरू लागतात. फुगणे आणि बिघडणे यांच्यामधील सीमा नेमकी कोठे आहे हे शोधणे हाच या प्रयोगांचा गाभा आहे.

तुर्कस्तानातील बियाण्याचा गहू

उंदराच्या यकृताकडे इतके लक्ष का द्यावे, याचे उत्तर तुर्कस्तानात घडलेल्या एका घटनेत आहे. १९५५ च्या सुमारास त्या देशाच्या आग्नेय भागातील शेतकऱ्यांना सरकारने पेरणीसाठी गहू वाटला. काणी रोग येऊ नये म्हणून त्याला हेक्झाक्लोरोबेंझिन हे बुरशीनाशक चोळलेले होते. टंचाईचे दिवस होते. बियाणे वेळेवर न मिळाल्याने, किंवा घरात दाणा नसल्याने, लोकांनी तो गहू दळून खाल्ला.

लगेच कोणीही मेले नाही. कारण या औषधाची एल.डी. ५० दर किलोला काही हजार मि.ग्रॅ. आहे. आपल्या त्रिकोणाच्या हिशेबाने ते निळ्या-हिरव्याच्या सीमेवर बसले असते. पण लोकांच्या पोटात ते रोज जात होते, अंदाजे ५० ते २०० मि.ग्रॅ. काही महिन्यांनी उन्हात गेलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर व हातांवर फोड येऊ लागले. ते फुटून व्रण होत, कातडी काळी पडे, चेहऱ्यावर केस वाढत आणि लघवी गडद तांबड्या रंगाची होई. तीन ते चार हजार लोकांना ही बाधा झाली. अंगावर पिणारी तान्ही बाळे आईच्या दुधातून आलेल्या या औषधाने मोठ्या संख्येने दगावली. १९५९ मध्ये हा वापर थांबला. पण वीस-तीस वर्षांनंतर तपासले तेव्हाही अनेकांच्या अंगावर वण होते आणि बोटे आखडलेली होती.

रोग कातडीचा दिसत होता, पण मूळ यकृतात होते. रक्तातील लाल द्रव्याचा एक घटक यकृतही बनवते. तो अनेक पायऱ्यांनी तयार होतो. हेक्झाक्लोरोबेंझिनमुळे त्यातील एका पायरीचे विकर बंद पडले. अर्धवट तयार झालेला माल साचला, रक्तातून कातडीत गेला आणि ऊन लागताच कातडी भाजू लागला. ऑकनर आणि श्मिड यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या खाद्यात ०.२ टक्के हे औषध मिसळून हाच विकार उंदरांत निर्माण करून दाखवला. नरांपेक्षा माद्यांना तो फार लवकर होतो हेही पुढे आढळले. प्रयोगात दोन्ही लिंगांचे प्राणी घ्यावे लागतात ते अशा कारणांनी.

क्रम येथे उलटा झाला होता हे लक्षात घ्या. माणसे आधी आजारी पडली आणि उंदीर नंतर. दीर्घ मुदतीच्या चाचण्या नोंदणीपूर्वीच सक्तीच्या केल्या गेल्या त्या असे अनुभव गाठीशी आल्यावर.

यकृत विष उतरवते, तसेच चढवतेही

यकृतात गेले की विष निवळले, अशी समजूत करून घेऊ नये. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारखी सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशके मूळ रूपात फारशी जहाल नसतात. त्यांतील गंधकाचा अणू काढून त्या जागी प्राणवायू बसवण्याचे काम मुख्यतः यकृत करते आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो मज्जातंतूंवर खरा घाव घालतो. यकृतातीलच दुसरे विकर या पदार्थाचे तुकडेही करत असते. या दोन कामांत कोणते आधी होते यावर सारे अवलंबून असते.

मॅलाथिऑन सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य आणि किडीला जहाल का, त्याचे कारणही यकृतच आहे. माणसाच्या व उंदराच्या यकृतात मॅलाथिऑनचे झटपट तुकडे करणारे विकर भरपूर असते; किडीत ते फार कमी.

कार्बन टेट्राक्लोराइडचे उदाहरण तर सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. पूर्वी धान्याला धुरी देण्यासाठी ई.डी.सी.टी. नावाचे मिश्रण वापरत, त्यात याचा एक भाग आणि एथिलीन डायक्लोराइडचे तीन भाग असत. जुन्या शेतकऱ्यांना ते आठवत असेल. उंदराच्या यकृतात कार्बन टेट्राक्लोराइड शिरले की तेथील विकर त्याचा एक अणू तोडते. उरलेला तुकडा इतका खवळलेला असतो की तो ज्या पेशीत तयार होतो तिचीच भिंत जाळतो. एक-दोन दिवसांत यकृतात चरबी साचते आणि मधल्या भागातील पेशी मरतात. दारू पाजलेल्या उंदरांत हेच नुकसान कितीतरी जास्त होते, कारण दारूमुळे तेच विकर वाढते. धुरीचे काम करणाऱ्या माणसांतही दारू पिणाऱ्यांना बाधा जास्त झाल्याचा अनुभव आहे.

दोन औषधे एकत्र आली म्हणजे

पंपात दोन-तीन औषधे एकत्र करण्याची सवय आता सर्वत्र झाली आहे. त्यात मजुरी वाचते, हे मान्य. पण लेबलावरील त्रिकोण त्या एका औषधाचा असतो; आपण बादलीत बनवलेल्या मिश्रणाला त्रिकोण नसतो.

फ्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये उंदरांना व कुत्र्यांना मॅलाथिऑन आणि ई.पी.एन. ही दोन औषधे एकत्र दिली. दोन्हींच्या विषारीपणाची बेरीज होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात परिणाम कित्येक पटींनी वाढला. ई.पी.एन. ने मॅलाथिऑन निवळवणारे विकर बंद पाडले होते.

हा प्रयोग होऊन एकोणीस वर्षे झाल्यावर त्याचीच मोठी आवृत्ती पाकिस्तानात घडली. १९७६ मध्ये हिवताप निर्मूलनासाठी घरोघर मॅलाथिऑनची भुकटी पाण्यात मिसळून फवारत होते. सुमारे ७,५०० कामगार होते. त्यांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण मरण पावले. औषध तेच, सौम्य म्हणून ओळखले जाणारे. तपासात असे आढळले की काही मालात साठवणीच्या काळात आयसोमॅलाथिऑन नावाचा दुसरा पदार्थ तयार झाला होता. तो यकृतातील त्याच विकराला बंद पाडतो. म्हणजे येथे दुसरे औषध कोणी मिसळलेही नव्हते. ते डब्यातच तयार झाले होते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेले गेल्या वर्षीचे औषध वापरण्यापूर्वी याचा विचार करावा.

तिसरे उदाहरण केळी बागायतदारांना जवळचे वाटेल. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या बेटांवर केळीच्या कंदातील सोंडकिड्यासाठी १९७२ पासून १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे औषध जमिनीत टाकत असत. ते कुजत नाही. तेथील जमिनीत ते आजही आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात होपवेल येथे ते बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना १९७५ मध्ये हातापायांची थरथर सुरू झाली आणि कित्येकांची यकृते वाढलेली आढळली. यकृत मात्र वाढूनही फारसे बिघडलेले दिसले नाही. मग धोका कोठे होता?

डॉ. हरिहर मेहेंदळे यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून त्याचे उत्तर मिळाले. त्यांनी उंदरांच्या खाद्यात दहा लाख भागांत १० भाग क्लोरडेकोन १५ दिवस मिसळले. उंदरांना काहीही झाले नाही. नंतर त्यांना कार्बन टेट्राक्लोराइडची अगदी थोडी मात्रा दिली, जी एकटी दिली असता उंदीर सहज पचवतात. हे उंदीर मात्र मेले. मारकपणा ६७ पटींनी वाढला होता. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसले. साध्या उंदरात थोड्या पेशी मरताच शेजारच्या पेशी दुपटीने कामाला लागून जागा भरून काढतात. क्लोरडेकोन खाल्लेल्या उंदरात ही दुरुस्तीच थांबली होती. जखम लहान होती, पण ती भरली नाही आणि पसरत गेली.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती बाधा तत्काळची होती, सावकाश होणारी यकृताची नव्हे. पण डोक्याइतकी वाढलेली कपाशी आणि एकाच पंपात मिसळलेली अनेक औषधे या गोष्टी तेव्हा ठळकपणे पुढे आल्या. शिफारस नसलेले मिश्रण करू नये असे आपण दरवर्षी वाचतो. त्यामागे असलेला हिशेब यकृताचा आहे.

पोटात काय आहे यावरही

प्रयोगशाळेतील उंदीर एका बाबतीत फवारणी करणाऱ्या मजुरापेक्षा सुखी असतो. त्याला रोज समतोल खाद्य मिळते. ते न मिळाल्यास काय होते, याचा अभ्यास कॅनडातील एल्डन बॉइड यांनी केला. कॅप्टन हे फळबागायतीत वापरले जाणारे बुरशीनाशक, एल.डी. ५० पाच हजारांच्या वर. पण प्रथिने जवळजवळ नसलेल्या खाद्यावर वाढवलेल्या उंदरांना ते सुमारे दोन हजारपट जहाल ठरले. विकरे ही प्रथिनेच असतात. कच्चा माल नसेल तर कारखाना कसा चालणार? सर्वच औषधांत असे होते असे मात्र नाही. जी औषधे यकृतात गेल्यावर जहाल बनतात, उदाहरणार्थ कार्बन टेट्राक्लोराइड, त्यांचा त्रास अशा उंदरांना कमी होतो. निसर्गाचे नियम आपल्या सोयीने एकाच दिशेने चालत नाहीत.

यकृताला फक्त कीडनाशकांचाच त्रास होतो असेही नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर आदिवासी कावीळ होऊन मरण पावले. ते विष बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन होते. ज्या घरात काळवंडलेला भुईमूग खाल्ला जातो, दारू आहे आणि ताटात डाळ नाही, त्या घरातील माणसाच्या यकृतावर औषधाचा भार पडतो तो आधीच असलेल्या भारावर.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

एवढे वाचून प्रत्येक औषध माणसाचे यकृत खाणारच, असा निष्कर्ष काढू नये. थायामेथोक्झाम हे बीजप्रक्रियेत व रसशोषक किडींसाठी वापरले जाणारे औषध आपल्या परिचयाचे आहे. दीर्घ प्रयोगांत लहान जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या. मोठ्या जातीच्या उंदरांत आढळल्या नाहीत. शोध घेता लहान उंदराचे यकृत या औषधापासून जे घटक भरपूर बनवते ते मोठ्या उंदराचे आणि माणसाचे यकृत फार थोडे बनवते, असे दिसून आले. उलट मँकोझेबसारख्या बुरशीनाशकांपासून तयार होणाऱ्या ई.टी.यू. या घटकाने लहान उंदरांच्या यकृतात आणि मोठ्या उंदरांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत गाठी होतात. फवारलेली भाजी न धुता शिजवली किंवा द्रावण बराच वेळ तसेच ठेवले, तर हा घटक वाढतो. मँकोझेबची एल.डी. ५० देखील पाच हजारांच्या वर आहे.

उंदरांवरील आकडा माणसाला लावताना शास्त्रज्ञ म्हणून मोठी सूट ठेवतात. ज्या मात्रेला प्राण्यावर कोणताही अनिष्ट परिणाम दिसला नाही तिला शंभराने भागतात. माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असेल म्हणून दहा, आणि एक माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असेल म्हणून आणखी दहा. लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये ही रीत सुचवली. धान्य-भाजीत किती अंश चालेल हे याच हिशेबाने ठरते. परंतु तो हिशेब खाणाऱ्याचा आहे, फवारणाऱ्याचा नव्हे. फवारणाऱ्यासाठी हिशेब वेगळा करतात आणि लेबलावर लिहिलेली संरक्षक साधने तो वापरतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. साधने वापरली नाहीत तर तो हिशेब आपल्याला लागू नाही.

शेतावर काय करावे

सर्वांत जपावे ते डबा उघडण्याच्या वेळी. २० टक्के ई.सी. औषधाच्या १ मि.ली. मध्ये सुमारे २०० मि.ग्रॅ. विष असते, म्हणजे एका थेंबात १०. लिटरला २ मि.ली. प्रमाणे केलेल्या द्रावणात तेवढेच विष २५ मि.ली. मध्ये असते. हातावर पडलेला मूळ औषधाचा एक थेंब म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या कपाएवढे द्रावण. म्हणून औषध मोजताना आणि मिसळताना रबरी हातमोजे घालावेत, काठीने ढवळावे. हात कधीही घालू नये. फवारून दमल्यावर मोजे काढणे समजू शकते, मिसळताना ते नसणे समजू शकत नाही.

कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑनवर माणसांत झालेल्या अभ्यासात हाताच्या कातडीतून सुमारे ९ टक्के, डोक्याच्या कातडीतून सुमारे एक तृतीयांश आणि जांघेतील नाजूक भागातून जवळजवळ सर्व औषध आत गेले. गळका पंप पाठीवर घेऊन दिवसभर ओल्या विजारीत हिंडणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. गळणारी वायसर आधी बदलावी. डोक्याला टोपी असावी. भिजलेले कपडे लगेच बदलावेत, ते वेगळे धुवावेत आणि घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग मुलांना जवळ घेणे.

मिश्रण करावयाचेच असेल तर ज्याची नोंदणी तयार मिश्रण म्हणून झाली आहे ते घ्यावे. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेली तीन नावे म्हणजे शिफारस नव्हे. हंगामाला लागेल तेवढेच औषध आणावे, थंड व कुलूपबंद जागी ठेवावे, मुदत संपलेले वापरू नये.

फवारणीच्या दिवसात दारू पूर्ण बंद ठेवावी. उपाशीपोटी फवारणीला जाऊ नये. मजुराला पाठवताना त्याने जेवण केले आहे ना, हे मालकाने विचारावे. नंतर दूध पिणे किंवा गूळ खाणे हा उतारा नव्हे, आणि बाजारात मिळणारी यकृताची टॉनिके घेऊन मोजे टाळता येत नाहीत.

जे वर्षानुवर्षे फवारणीचे काम करतात त्यांनी हंगामापूर्वी एकदा आणि हंगामानंतर एकदा रक्तातील एस.जी.पी.टी. तपासून घ्यावे. पहिला आकडा हाताशी असेल तरच दुसऱ्याला अर्थ येतो. भूक मरणे, उजव्या बरगडीखाली जडपणा, लघवी गडद होणे, डोळे पिवळसर दिसणे यांपैकी काही जाणवल्यास झाडपाल्यावर वेळ घालवू नये. डॉक्टरांकडे जाताना औषधाच्या डब्यासोबतचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. विषबाधेची लक्षणे आणि उतारा त्यावर छापलेले असतात. आपण कोणते औषध, किती दिवस आणि कशात मिसळून फवारले, हे स्वतःहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

पेरणीनंतर उरलेले औषध चोळलेले बियाणे धुवून दळू नये, कोंबड्यांना टाकू नये, जनावरांच्या आंबोणातही मिसळू नये. ते विहीर व ओढ्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरावे आणि त्याची रिकामी पिशवी धान्य भरण्यासाठी घरात आणू नये.